खुर्द्याची नावे
(युद्धस्मारकांवरील मजकुराचे एक वाचन)

गेल्या वर्षी उन्हाळ्यात आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या एका गावची पाच माणसे माझ्याकडे आली. मी इतिहासाचा पदवीधर नाही. टायपिंग आणि झेरॉक्सच्या दुकानावर आयुष्य काढले. लोकांचे फेरफार, सातबारे, पेन्शनचे अर्ज टाइप करता करता जुने कागद वाचायची सवय लागली आणि ती पुढे ताम्रपट, शिलालेखांपर्यंत गेली. एवढ्या भांडवलावर पंचक्रोशीत मला ‘इतिहासवाले’ म्हणतात. गावातला एक जवान कर्तव्यावर असताना मरण पावला होता. ग्रामपंचायतीपुढच्या मोकळ्या जागेत त्याच्या नावाचा स्तंभ उभा करायचे ठरले होते, वर्गणी जमली होती, दगड सांगून झाला होता. राहिला होता मजकूर. “चार ओळी लिहून द्या,” एवढेच त्यांचे मागणे होते.

त्यांनी सोबत एक कच्चा मसुदा आणला होता. त्यात सतरा ओळी होत्या. पहिल्या दोन ओळींत ‘अमर’, ‘शूर’, ‘वीर’ आणि ‘शहीद’ हे शब्द होते. त्यानंतर जवानाचे नाव, आणि उरलेल्या ओळींत उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख अतिथी, स्वागताध्यक्ष, सरपंच, उपसरपंच, सदस्य. जवानाची पलटण नव्हती, वय नव्हते, तो कुठे पडला ते नव्हते, मृत्यूची तारीखही नव्हती. उद्घाटनाची तारीख मात्र होती.

मसुदा पाहून मला हसू आले नाही, कारण तो त्या पाच जणांनी मनाने रचलेला नव्हता. आपल्याकडे कोनशिला जशी लिहितात तसाच तो होता. चार ओळी लिहायला म्हणून बसलो आणि असले दगड आजवर कोणी, कसे लिहिले ते पाहत गेलो. हा लेख त्या पाहण्यातून झाला आहे. स्मारकांवर आपण बोलतो तेव्हा उंची, खर्च, पुतळा आणि राजकारण यांवर बोलतो. दगडावरच्या मजकुराकडे मजकूर म्हणून, एखाद्या कवितेकडे किंवा दस्तऐवजाकडे पाहावे तसे, क्वचितच पाहतो. मला ते करायचे आहे.

मोती, मोहरा आणि खुर्दा

१४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर जे झाले त्याची बातमी देणारे सावकारी सांकेतिक पत्र शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मराठी मुलाने ऐकलेले असते. त्या संकेतात थोर पुरुष मोती होतात, सरदार मोहरा होतात आणि बाकीचे सैन्य होते रुपये व खुर्दा. मोती मोजले जातात, मोहराही मोजल्या जातात; खुर्द्याची मात्र गणती नसते. गुप्ततेसाठी केलेली ही भाषा होती, हे खरे. पण संकेत निवडतानासुद्धा माणूस आपल्या मनातली उतरंड लपवू शकत नाही. शिपाई म्हणजे सुटे पैसे. एक गेला तर दुसरा, आणि हिशेब ठेवायची गरज नाही.

मराठीत लढाईतल्या मृत्यूसाठी जुने शब्द किती आहेत पाहा. कामास येणे, रणी पडणे, धारातीर्थी पडणे, खर्ची पडणे. यांतला शेवटचा शब्द थेट हिशेबाच्या वहीतून आला आहे. पत्रातला खुर्दा आणि बोलीतला ‘खर्ची पडला’ हे एकाच घरातले.

मी युद्धस्मारके वाचत गेलो तेव्हा हाच प्रश्न कसोटी म्हणून हाती धरला : या दगडाने खुर्द्याचे काय केले?

नाव नसलेला दगड

आपल्याकडचे सर्वांत जुने युद्धस्मारक म्हणजे वीरगळ. कानडीतल्या वीर आणि कल्लु, म्हणजे दगड, या दोन शब्दांपासून हे नाव आले. कोकणापासून मराठवाड्यापर्यंत शिवाराच्या कडेला, देवळाच्या आवारात, कधी पाराला टेकून हे दगड उभे असतात. त्यांची मांडणी ठरलेली असते. खालच्या चौकटीत पडलेला वीर, कधी शेजारी गाई. तिच्या वर लढाई. तिच्या वर अप्सरा त्याला स्वर्गाला नेत आहेत. सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे. माथ्यावर कलश, बाजूला चंद्र आणि सूर्य. खालून वर वाचायचा हा मजकूर आहे.

महाराष्ट्रातल्या बहुसंख्य वीरगळांवर अक्षर नसते. गाईंसाठी लढून मेलेला तो कोण, कोणाचा, हे दगड सांगत नाही. पण याला मी त्या दगडाचा दोष मानत नाही. ज्या गावात तो उभा राहिला त्या गावाला नाव ठाऊक होते; दगड फक्त आठवणीची खूण होता. नाव माणसांच्या तोंडी होते आणि ते तोंडीच राहील असा त्या गावाचा विश्वास होता. विश्वास पुरा पडला नाही. चार-पाच पिढ्यांत नाव गेले, दगड राहिला, आणि आता लोक त्याला शेंदूर लावतात.

नाव लिहायचे तंत्र तेव्हा नव्हते असे मात्र नाही. आमचे वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. इथल्या दुसऱ्या विंध्यशक्तीचा चौथ्या शतकातला ताम्रपट १९३९ साली प्रकाशात आला. त्यात गाव दान दिल्याची नोंद आहे आणि ज्या ब्राह्मणांना दान दिले त्यांची नावे गोत्रांसह कोरली आहेत. सोळाशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसांची नावे आज आपण वाचू शकतो. कारण साधे आहे. तिथे जमिनीचा हक्क गुंतला होता. ज्याच्या नावावर काही द्यायचे असते त्याचे नाव नीट लिहिले जाते. दुकानात बसून हे मी रोज पाहतो : सातबाऱ्यावर नाव चुकले तर माणूस दहा खेपा घालतो, लग्नपत्रिकेत चुकले तर हसून सोडून देतो.

म्हणजे दगडावर नाव येणे हा स्मृतीचा प्रश्न जेवढा, तेवढाच हक्काचाही.

नावांचा स्तंभ

या दृष्टीने भीमा-कोरेगावचा स्तंभ वेगळा आहे. १ जानेवारी १८१८ ला कॅप्टन स्टॉन्टनच्या हाताखालची मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्रीची तुकडी, सोबतचे स्वार आणि मद्रास तोफखान्याचे मूठभर गोरे गोलंदाज पेशव्यांच्या मोठ्या फौजेसमोर या गावात दिवसभर लढले. कंपनी सरकारने तिथे स्तंभ उभारायचे ठरवले. पाया १८२१ मध्ये घातला गेला. त्यावरचा मजकूर इंग्रजी आणि मराठी, दोन्ही भाषांत आहे.

मजकुराचा पहिला भाग कंपनीने स्वतःची पाठ थोपटण्यासाठी लिहिला आहे. पूर्वेकडच्या ब्रिटिश सैन्याच्या अभिमानास्पद विजयांत याची गणना करणारी ती भाषा आजच्या सरकारी जाहिरातीला शोभेल अशी आहे. पण त्याच स्तंभावर दुसरा मजकूर आहे, तो म्हणजे पडलेल्यांची यादी. तिथे साध्या शिपायांची नावे आहेत, आणि त्यांतली बावीस नावे ‘नाक’ या प्रत्ययाने संपतात. हा प्रत्यय महार शिपायांच्या नावांत असे.

कोणत्याही समीक्षकाला हे दोन मजकूर शेजारी ठेवून पाहावेसे वाटेल. वरचा मजकूर विशेषणांनी भरलेला, खालच्यात एकही विशेषण नाही. दोनशे वर्षांनी वरचा मजकूर कोणाच्या लक्षात नाही. खालच्या यादीने मात्र इतिहास घडवला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘लढाऊ जमातीं’चा सिद्धान्त पुढे करून महारांची सैन्यभरती थांबवली गेली, तेव्हा ‘आम्ही लढलो होतो’ हे सांगायला हातात पुरावा होता तो या नावांचा. शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने स्तंभापाशी जमणे सुरू झाले आणि १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे आले. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिच्या चिन्हावर हाच स्तंभ होता. स्वातंत्र्यानंतर तो तिथून गेला. स्तंभ कोणत्या हेतूने बांधला आणि कोणत्या हेतूने वाचला गेला, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. या अंतराबद्दल आपल्याकडे पुष्कळ वाद झाले आणि होतील. माझा मुद्दा त्या वादाआधीचा आहे. त्या दगडावर ‘बावीस शिपाई’ एवढेच कोरले असते, तर वाद घालायलाही काही उरले नसते.

आकड्याला वारस नसतो. नाव कोरले की शंभर वर्षांनी कोणीतरी येऊन म्हणू शकतो, हा आमचा.

आकड्याचा फलक

कोरेगावनंतर शंभर वर्षांनी पहिले महायुद्ध संपले. हिंदुस्थानातून तेरा लाखांवर माणसे त्या युद्धात गेली, सत्तर हजारांवर परतली नाहीत. मराठा पलटणींची १०३, ११० आणि ११७ ही तिन्ही दले मेसोपोटेमियात कुत-अल-अमाऱ्याच्या वेढ्यात अडकली होती. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ हा वेढा चालला आणि अखेर सुमारे तेरा हजारांचे सैन्य तुर्कांच्या हाती गेले. उपासमारीतून वाचलेले कैदेच्या पायपिटीत मेले.

युद्धानंतर सरकारने ज्या गावांतून माणसे गेली तिथे संगमरवरी फलक लावले. सातारा आणि कोकणच्या पट्ट्यात ते आजही चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत दिसतात. मजकूर साच्यातला : या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. गाव कोणतेही असो, वाक्य तेच राहते आणि फक्त दोन आकडे बदलतात. सातारा तालुक्यातले अपशिंगे तर नावापुढेच ‘मिलिटरी’ लावते. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण कामास आले असे सांगितले जाते, आणि ब्रिटिश सरकारने उभारलेले स्मारक गावाने जपले आहे. आजही त्या गावात सैन्यात माणूस नसलेले घर शोधावे लागते.

या फलकांचा मजकूर मी अनेकदा वाचला आहे आणि तो मला दर वेळी अस्वस्थ करतो. त्याच्यात खोटे काही नाही. उलट तो कोरेगावच्या वरच्या मजकुरापेक्षा प्रामाणिक आहे. विजयाची बढाई नाही, विशेषण नाही. पण त्याचे व्याकरण पाहा. वाक्याचा कर्ता आहे संख्या. ‘सेहेचाळीस’ गेले, ‘सेहेचाळीस’ मेले. कोण गेले, हा प्रश्न त्या वाक्यात विचारायला जागाच ठेवलेली नाही. ते वाक्य गावाशी बोलत नाही, सरकारी दप्तराशी बोलते. खुर्द्याची गणती झाली, एवढा फरक पानिपतानंतर पडला.

बसऱ्याचे स्मारक याहून बोलके आहे. मेसोपोटेमियात पडलेल्या आणि ज्यांची कबर वा अंत्यसंस्काराची जागा माहीत नाही अशा चाळीस हजारांवर सैनिकांसाठी ते १९२९ मध्ये खुले झाले. ब्रिटिश सैनिकांची नावे भिंतींवर कोरली. साधा गोरा शिपाईसुद्धा नावाने आला. हिंदी सैन्यातल्या अधिकाऱ्यांची नावे आली. हिंदी शिपायांसाठी मात्र पलटणीचे नाव आणि पुढे आकडा. त्याच काळात फ्रान्समधल्या नव शापेलच्या स्मारकावर १९२७ मध्ये हिंदी शिपायांची साडेचार हजारांवर नावे कोरली गेली होती, आणि दिल्लीच्या इंडिया गेटवर १९३१ मध्ये तेरा हजारांवर. म्हणजे नावे मिळत नव्हती असे नाही. युरोपात, युरोपच्या डोळ्यांसमोर, नावे कोरली. इराकच्या वाळवंटात आकडा पुरेसा वाटला. या कामाची जबाबदारी असलेल्या राष्ट्रकुल युद्ध कबर आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये स्वतःच अहवाल काढून हे मान्य केले आणि माफी मागितली. त्या अहवालाच्या अंदाजाने किमान १,१६,००० मृतांची, त्यांत बहुतेक आफ्रिकी, हिंदी आणि इजिप्शियन, नावाने नोंद झाली नाही किंवा मुळीच स्मरण केले गेले नाही.

इथे कोणी म्हणेल, हा साम्राज्याचा दोष, आपला काय संबंध? म्हणून आता घरी येतो.

वऱ्हाडात दगड का नाही?

वाशीमकराला हे सारे लांबचे वाटते. आपल्याकडे अपशिंगे नाही, चावडीत महायुद्धाचा फलक नाही. मलाही पूर्वी वाटे, वऱ्हाड म्हणजे कापसाचा मुलूख, युद्धाशी त्याचे काय? पण शेजारच्या हिंगोलीला आणि तिकडे एलिचपूरला हैदराबाद कंटिन्जन्टच्या छावण्या होत्या. निजामाच्या नावाने आणि इंग्रजांच्या हुकमतीत चालणाऱ्या या फौजेच्या खर्चापायीच १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. आपला सारा शेतसारा ज्या पलटणींवर खर्च झाला, त्या १९०३ मध्ये हिंदी सैन्यात मिसळल्या आणि त्यांतली एक ‘९६ वी बेरार इन्फन्ट्री’ झाली. पुढे तिची हैदराबाद रेजिमेंट झाली आणि १९४५ मध्ये कुमाऊँ रेजिमेंट. आज त्या रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीच्या नावामागे कंसात ‘बेरार’ एवढा शब्द उरला आहे. हिमालयातल्या पलटणीच्या नावात आमचा प्रांत आहे आणि आमच्या प्रांतात त्या पलटणीची आठवण नाही.

भरती मुख्यतः सातारा-कोकणातून होई, वऱ्हाडातून कमी, हे आपल्याकडे फलक नसण्याचे एक कारण. पण ‘कमी’ म्हणजे ‘कोणी नाही’ असे नव्हे. फलक लावायला गावातून ठळक आकडा जावा लागे. जिथून एखाद-दुसरा गेला, त्या गावाला फलक मिळाला नसणार. विखुरलेला खुर्दा आकड्यातही बसत नाही.

स्वातंत्र्यानंतर आपले दगड आले. १९७२-७३ मध्ये स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी पंचायत समित्यांच्या आवारात स्वातंत्र्यसैनिकांच्या नावांचे स्तंभ उभे राहिले. ऐंशीच्या दशकात राज्यभर हुतात्मा स्मारके झाली. २५ फेब्रुवारी २०१९ ला दिल्लीत राष्ट्रीय युद्ध स्मारक खुले झाले. तिथल्या त्यागचक्रात ग्रॅनाइटच्या प्रत्येक विटेवर एकेका सैनिकाचे नाव आहे. सुरुवातीला ती संख्या २५,९४२ होती. हुद्दा असो वा नसो, प्रत्येकाला वीट सारखीच. पानिपतच्या पत्राला इतके सरळ उत्तर दुसऱ्या कोणत्या दगडाने दिले नसेल. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘मेरी माटी मेरा देश’ मोहिमेत ग्रामपंचायतींपुढे शिलाफलक लागले, त्यांत आमच्या जिल्ह्यातली गावेही आली.

शंभर वर्षांनी आकड्याचे नाव झाले, ही गोष्ट लहान नाही. पण नाव आले की प्रश्न सुटला, असेही मला वाटत नाही. दोन नव्या अडचणी दिसतात.

विशेषण, पाहुणे आणि ‘ळ’

पहिली अडचण विशेषणांची. गावोगावचे नवे स्तंभ वाचले तर नाव एक आणि त्याभोवती विशेषणांची दाटी. त्यांत ‘शहीद’ हा शब्द तर अपरिहार्य झाला आहे. गंमत अशी की संरक्षण आणि गृह या दोन्ही मंत्रालयांनी २०१७ मध्ये केंद्रीय माहिती आयोगापुढे सांगितले की सैन्यदलांत किंवा केंद्रीय पोलीस दलांत ‘शहीद’ अशी संज्ञाच नाही. म्हणजे ज्या शब्दाला गावात सर्वांत जास्त मान, त्या शब्दाला कागदावर काहीच वजन नाही. मी त्या शब्दाच्या विरोधात नाही. लोकांनी प्रेमाने दिलेला तो शब्द आहे आणि तो त्यांनी वापरावा. पण विशेषणाचे एक वैशिष्ट्य असते : ते कोणालाही लावता येते. ‘अमर’ हा शब्द त्या दगडावरून काढून शेजारच्या गावच्या दगडावर लावला तर काही बिघडत नाही. ‘वय २६’ हे मात्र उचलून दुसरीकडे लावता येत नाही.

याबरोबरच पाहुण्यांच्या नावांचा भार येतो. पूर्वीच्या फलकात मृताला आकडा केले. आताच्या कोनशिलेत मृताचे नाव एक आणि जिवंतांची नावे दहा-बारा. अक्षरांचा आकारही जिवंतांच्या बाजूने. कोणी बांधले याची नोंद असावी, त्यात वावगे काही नाही; ताम्रपटातही राजाचे नाव आधी येते. पण राजा गाव देत होता. उद्घाटक फक्त फीत कापतो.

दुसरी अडचण नाव नीट लिहिण्याची. ही मला दुकानामुळे कळली. सैन्याची कागदपत्रे इंग्रजीत असतात. इंग्रजी अक्षरांत ‘ळ’ नाही. ‘काळे’ असे आडनाव इंग्रजी कागदावर गेले की ते ‘काले’ही वाचता येते आणि ‘केल’ही. त्या कागदावरून कोणी दूरच्या शहरात बसून पुन्हा मराठीत उतरवले की दगडावर जे उतरते ते त्या माणसाच्या आईने कधी उच्चारलेले नसते. कोरेगावच्या यादीतला ‘नाक’ प्रत्यय इंग्रजीत कसा उमटला ते पाहिले की लक्षात येते, ही अडचण दोनशे वर्षे जुनी आहे. तिथे निदान मराठी मजकूरही सोबत होता.

माणगावचे उदाहरण इथे घ्यावेसे वाटते. रायगड जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावी नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचा हा बावीस वर्षांचा तरुण १० जुलै १९४४ ला इटलीत तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनवर चालून गेला आणि तिथेच पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याची कबर सापडली नाही; नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. जुलै २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने या छोट्या गावाने त्याच्या नावे एक सूर्यघड्याळ उभारले. त्यावर लॅटिन बोधवाक्य आहे, आशय असा की आपण सारे एकाच सूर्याखाली आहोत. मला त्या घड्याळाची कल्पना आवडते, कारण वीरगळावरचा सूर्य तिथे नकळत परत आला आहे. पण घाडगे पदकामुळे मोहर झाले. त्यांच्या तुकडीतले जे इतर त्याच चकमकीत पडले, त्यांच्या गावी कोणता दगड आहे, हे विचारायला आपण विसरतो. मोहरेचे स्मारक करणे सोपे असते. कसोटी खुर्द्याची असते.

चार ओळी

एवढे वाचून झाल्यावर मी त्या गावी गेलो. जवानाच्या आईला भेटल्याशिवाय मजकूर लिहायचा नाही असे ठरवले होते. ओसरीवर बसलो. मी विचारले, “मावशी, दगडावर काय लिहावं असं वाटते तुम्हाले?” त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग आत जाऊन एक पिशवी घेऊन आल्या. तिच्यात पेन्शनचे कागद होते. बोट ठेवून त्यांनी एक शब्द दाखवला. आडनावातला ‘ळ’ गेलेला होता. त्या शिकलेल्या नाहीत. पण कोणीतरी वाचून दाखवल्यापासून त्यांना ते ठाऊक होते. “कागदावर चुकलं त चुकलं,” त्या म्हणाल्या, “दगडावर तरी माह्या लेकराचं नाव नीट ल्याहा बाप्पा. दगड काही बदलता येत नाही.”

त्यांना विशेषण नको होते की हवे होते, हे मी विचारले नाही. त्यांनी मागितले ते मला पुरेसे होते.

मी जो मजकूर दिला त्यात पहिल्या ओळीत नाव होते, वडिलांचे आणि आईचे नाव घालून. दुसऱ्या ओळीत हुद्दा आणि पलटण. तिसऱ्या ओळीत ठिकाण, तारीख आणि वय. चौथ्या ओळीत ‘हा दगड गावाने उभा केला’. पाचवी ओळ नव्हती.

समितीच्या बैठकीत दोन तास वाद झाला. एकाने विचारले, “शहीद शब्दच नाही, मग लोकांना कळणार कसं?” दुसरा म्हणाला, “पाहुण्यांची नावं नसतील तर पाहुणे येतील कशाला?” दोन्ही प्रश्न खरे होते आणि दुसऱ्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. पहिल्याला मी म्हणालो, वय वाचल्यावर कळेल. अखेर तडजोड झाली. नावाआधी ‘शहीद’ आले. पाहुण्यांसाठी वेगळी कोनशिला झाली, ती स्तंभाच्या मागच्या बाजूला ओट्यात बसवली. अक्षरांचा आकार तिथे मोठाच आहे. मी हरकत घेतली नाही.

गवंड्याकडे दगड कोरायला जाण्यापूर्वी संगणकावरून काढलेला नमुना मी तीनदा तपासला. पहिल्या नमुन्यात पुन्हा ‘ल’ आला होता. टाइप करणाऱ्या पोराने सैन्याच्या कागदावरूनच उतरवून घेतले होते. त्याची चूक म्हणता येणार नाही. दुसऱ्यात ‘ळ’ आला पण वय गेले. तिसरा बरोबर निघाला. त्यावर मी सही केली आणि तारीख घातली, एरवी आम्ही दस्तावर घालतो तशी.

दगड आता उभा आहे. वेळ मिळेल तेव्हा वाचकांनी आपापल्या गावच्या स्तंभापाशी उभे राहून त्यावरचा मजकूर एकदा पुरता वाचून पाहावा : मेलेल्याचे नाव किती ओळींत आहे, ते नीट लिहिले आहे का, आणि तो किती वर्षांचा होता हे कुठे सांगितले आहे का. सांगितले नसेल तर त्याच्या घरी विचारावे. विचारता येईल असे कोणीतरी अजून त्या घरात आहे, तोवर.